नानाजींच्या हॉलात विलायती सिनेमा

आमच्या अमरावतीच्या वाचनालयात पुस्तकांपेक्षा किस्से जास्त साठले आहेत. पुस्तक नेणारा पानं फाडून आणतो, किस्सा नेणारा पानं जोडून आणतो!

*

आमचे ग्रंथपाल नानाजी. दारोदार पुस्तकं मागून वाचनालय उभं केलं त्यांनीच. हॉलमध्ये कोणी खोकलं तरी चष्म्यावरून पाहायचे. एकदा खुद्द डेप्युटी कमिशनर आले आणि दारातच शिंकले. नानाजींनी 'शांतता राखा' पाटीकडे बोट दाखवलं. साहेबांनी दुसरी शिंक अंगणात जाऊन दिली!

*

सेक्रेटरी वकीलसाहेबांनी अकोल्याहून विनोदी सिनेमा मागवला. विलायती, मुका, मशीन हाताने फिरवायचं. नानाजी म्हणाले, "आणा. पण माह्या हॉलात कोणी हासलं, तर ह्या किल्ल्या तुमाले, अन् मी घरी!"

झाली पंचाईत. नानाजींशिवाय वाचनालय ही कल्पनाच आम्हाला सोसेना. वकीलसाहेबांनी सभासदांपुढे हात जोडले, "सिनेमा पाहा, पण हासू नका जी!"

*

पडद्यावरच्या इंग्रजी पाट्यांचा अर्थ वकीलसाहेबच सांगत, तोही कोर्टातल्यासारखा. "सदर इसम आता शिडीवर चढत आहे." सदर इसम शिडीसकट आडवा! सगळ्यांनी उपरणी तोंडात कोंबली. माझ्या शेजारी एक मास्तर होते. हसू दाबून त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

मागून कोणीतरी कळवळून विचारलं, "काहून रडून राहिले जी? घरी समदं ठीक हाय ना?"

*

सिनेमात एक लठ्ठ गोरा साहेब घोड्यावरून चिखलात पडतो, ही खबर पोलिसांना आधीच लागली होती. तेव्हा कोण हसतो ते पाहायला एक हवालदार येऊन बसला.

साहेब पडला. हॉल चिडीचूप!

हवालदाराने दारातल्या फौजदाराला सांगितलं, "लोक लय इमानदार हायेत जी. साहेब पडले, तं समद्याइनं तोंडाले उपरणं लावलं!"

*

बायकांची बसायची सोय पडद्याच्या पलीकडे. त्यांना चित्र उलटं दिसायचं, आणि वकीलसाहेबांची विनंती तिकडे पोचलीच नव्हती. त्यांच्यात नानाजींच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकूही होत्या. तरुण मुलगा गेल्यापासून त्या कुठेच जात नसत, धड बोलतही नसत. शेजारणींनी बळेच ओढून आणलं होतं.

चिखलातला साहेब उठला आणि घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून ऐटीत बसला. पडद्यामागून एक हसणं फुटलं. खणखणीत, थांबता थांबेना. मग शेजारणीची कुजबूज ऐकू आली, "काकू, हळू हासा, नानाजी हायेत!"

नानाजी उठले. हातात किल्ल्या. वकीलसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

नानाजी चालत मशीनवाल्यापाशी गेले आणि वाकून म्हणाले, "थो उलटा बसते ना घोड्यावर, थे अजून एक डाव दाखव बाप्पा."