ड्रायव्हरकाकांचा साबण

आमच्या ड्रायव्हरकाकांना कशाचाच वास येत नसे. पूर्वी कन्हानला कोळशाच्या ट्रकवर असताना डोक्याला मार लागला. जखम भरली, पण वास गेला तो गेलाच. वरणाची फोडणी आणि मोरीतलं फिनाईल त्यांना सारखंच.

मी तेव्हा नागपूरहून खेडोपाडी जाणाऱ्या फिरत्या दवाखान्यात नर्स होते. गाडीच्या मागच्या भागात गॅसचं सिलिंडर पट्ट्याने बांधलेलं, शेजारी शेगडी. तिच्यावर सुया नि सिरिंजा उकळायच्या. गाव आलं की काका वाटीत साबणाचा फेस करत, दाढीच्या जुन्या ब्रशने तो रेग्युलेटरला आणि नळीच्या दोन्ही टोकांना लावत आणि कुठे गॅस गळून बुडबुडा येतो का ते बघत बसत. "वास येऊन राहिला का, सिस्टर?" असं विचारत, पण मी नाही म्हटलं तरी उठत नसत. "तुमचं नाक तुमच्यापाशी. मले बुडबुडा दिसला पाहिजे."

डॉक्टरांना हा उशीर खपत नसे. ते काकांना 'ए ड्रायव्हर' म्हणत.

एका हिवाळ्यात रामटेकच्या पुढच्या गावी गेलो. रस्ताभर गचके, त्यात डॉक्टर आणि मी दोघंही सर्दीने बेजार. बाहेर बायका लेकरं घेऊन ताटकळत बसलेल्या. काका फेस लावत होते.

"वासबिस काही नाही. पाणी ठेवा, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. मी काडेपेटी उघडली.

काकांनी ती माझ्या हातातून हिसकावली. "काडी नका ओढू! उतरा खाली, दोघंबी!" कधी आवाज न चढवणारा माणूस. नळीच्या तोंडाशी ज्वारीच्या दाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक फुगत होते. त्यांनी गॅस बंद केला, दारं सताड उघडली. तेवढ्यात दाराशी आलेली एक बाई नाकाला पदर लावून मागे सरली. "काय घाण वास येऊन राहिला वं बाई!"

त्या दिवशी सुया गावातल्या चुलीवर उकळल्या. परतताना चहाला थांबलो, तेव्हा काकांचा कप डॉक्टरांनी स्वतः आणला. "घ्या, काका."

काका निवृत्त झाले त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना त्याच गाडीने घरी पोचवलं. चालवायला नवा ड्रायव्हर, काका त्याच्या शेजारी, आम्ही मागे. हात कुठे ठेवावेत ते काकांना सुचेना. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत होता. घरापाशी उतरल्यावर ते माझ्या खिडकीशी आले.

"पोरगा बरा चालवते," हळूच म्हणाले, "फक्त चढावर घाई करते. सांगजा त्याले."

मी सांगितलं. काकांची भेट मात्र पुन्हा झाली नाही.