चार फूट पाण्यातली माणसं

तहसीलमध्ये बत्तीस वर्षं बाबूगिरी केली, पण सांगण्याजोगे किस्से जमले ते रिटायर झाल्यावर, यवतमाळच्या एका तरणतलावाच्या उथळ कोपऱ्यात. घाबरलेली माणसं फार शहाण्यासारखं बोलतात. किस्से त्यातूनच साठत जातात.

डॉक्टर म्हणाले होते, "पोहायला लागा, नाहीतर गुडघ्याची वाटी बदलू." पाण्याची भीती मला लहानपणापासूनची. ऑपरेशनची त्याहून थोडी जास्त, म्हणून गेलो. बॅचमध्ये आम्ही तिघंच: मी, नेरचे एसटीतले निवृत्त कंडक्टर राठोड आणि बाभुळगावचे कापूसवाले शेतकरी भोयर. शिकवायला पंचविशीतल्या कोमल मॅडम. त्यांची अट एकच: "शनिवारपर्यंत डोकं पाण्याखाली ठेवून दहा मोजायचे. नाही जमलं, तर सोमवारपासून पोहणं नाही."

* * *

पहिल्या दिवशी रजिस्टरवर सही केली आणि सवयीने चहाला निघालो. ते दोघं माझ्या अनुभवाच्या भरवशावर मागे आले. परतलो तर मॅडम रजिस्टर घेऊन फाटकात उभ्या.

"काका, सही आली. आता तुम्हीपण या."

* * *

भोयरांच्या शेतात पन्नास फूट विहीर. मॅडमनी विचारलं, "मग पोहणं कसं नाही आलं, काका?"

"मोटार सोडली हाय ना तिच्यात," भोयर म्हणाले. "मी आनखी कायले उतरू?"

* * *

राठोड पाण्यात उतरले ते "याडी, याडी" करत, म्हणजे आईला हाका मारत. उतरल्यावर काठाचा दांडा काही सोडेनात.

"काका, हात सोडा."

"पोरी, सत्तावीस वर्षं मीच वरडलो, दांडा धरा, दांडा धरा. आता तू म्हनतं सोडा."

* * *

शुक्रवारी मी घरी बादलीत तोंड घालून सराव करत होतो. तीनच्या पुढे श्वास टिकेना. शनिवार उद्यावर आलेला. बायको दारात आली.

"बुडायचं तर तिकडे बुडा," ती म्हणाली. "इथं नळ चार दिवस येत नाही."

* * *

शनिवारी सकाळी राठोडांनी तोड काढली. "एकट्यानं कोनीच नाही जात. तिघं हात धरू. तीन म्हटलं की खाली."

तीन म्हटलं. तिघंही तसेच उभे, एकमेकांकडे बघत.

"मले वाटलं तुम्ही जाऊन राह्यले," भोयर म्हणाले.

मॅडमनी काठावरून घड्याळ पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर ऑपरेशन थिएटरचा दिवा आला. पुन्हा हात धरले, या वेळी आपापल्या नातवंडांची शपथ घेऊन.

"तीन."

गेलो. कानात पाणी. दोन्हीकडून हात घट्ट धरलेले, तेवढाच काय तो धीर. एक, दोन, तीन. चारला डोळे उघडले.

समोर राठोडांचे दोन पाय आणि भोयरांचे दोन पाय. गुडघे तसूभरही न वाकलेले. आणि वरून दोघांचा एका सुरात आवाज येत होता, "पाच... सहा..."

सातची वाट बघत मी तिथेच थांबलो.