शंक्याची तपकिरी पानं

माझा भाऊ आणि मी जुळे. मी थोडी आधी आले, म्हणून मी मोठी, आणि ही गोष्ट मी त्याला आजतागायत विसरू दिलेली नाही. घरात त्याला सगळे शंक्या म्हणत. दूध नासलं की बाकीची माणसं ते ओतून देतात. हा भांडं खिडकीपाशी नेऊन बघत बसायचा आणि नासतं म्हणजे आत नेमकं काय होतं, असं आईला विचारायचा. आईकडे उत्तर नसायचं, घासायची भांडी मात्र भरपूर असायची. पुढे शाळेतही तेच नाव पडलं, आणि पाडलं कुणी हे सांगायला नकोच.

हायस्कूलच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी विषय निवडायचे होते तेव्हा त्यानं जीवशास्त्र घेतलं. मैत्रिणी तिकडे होत्या म्हणून मीही घेतलं. बाईंनी आम्हा दोघांना एकाच टेबलावर बसवलं. घरी एक खोली, शाळेत एक टेबल. माझी सुटका कुठेच नव्हती.

प्रयोगशाळा तळमजल्यावर होती, सायकली लावायच्या जागेच्या मागे. लांब लाकडी टेबलं, त्यांवर जुन्या डागांचे नकाशे, आणि खिडकीच्या कडेनं मांडलेले सूक्ष्मदर्शक. आमच्या वाट्याला आलेल्या सूक्ष्मदर्शकाचा आरसा ढिला होता. टेबलाला कुणाचा धक्का लागला की सगळं जग काळं व्हायचं.

पहिला तास कांद्याच्या पापुद्र्याचा. काचपट्टीवर पापुद्रा ठेवायचा, रंगाचा थेंब टाकायचा, वर पातळ काच ठेवायची आणि जे दिसेल ते काढायचं. मी झटपट बघितलं, छान जाड काठाचा एक गोल दिसला, तो मन लावून काढला आणि त्याला केंद्रक असं नाव देऊन मोकळी झाले. शंक्या बराच वेळ डोळा लावून बसला होता. मग माझी आकृती बघून म्हणाला, "ताई, हा हवेचा बुडबुडा आहे. काचेखाली अडकलाय. बघ, पेशी त्याच्या खालून जातायत." मला ताई तो फक्त माझी चूक दाखवताना म्हणायचा. बाई मागेच उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांचं त्याच्यावर लक्ष बसलं.

बाई कडक होत्या. राग नाकावर, खडू हातात आणि वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. पण शंक्यानं प्रश्न विचारला की त्या खडू खाली ठेवायच्या. शाळेमागच्या पिंपातलं पाणी त्यानं बरणीत भरून आणलं, तेव्हा त्यांनी ठरलेला धडा सोडून सगळ्यांना त्या पाण्याचा एकेक थेंब बघायला लावला. काहीतरी पारदर्शक, केसाळ, चपळ असं त्यात पळत होतं. शंक्या त्याच्या मागे काचपट्टी सरकवत होता आणि मला सांगत होता, "आता वळलं. आता थांबलं. खातंय बहुतेक." मला काही तो जीव एवढा आवडला नाही, पण भावाचा चेहरा बघत राहावासा वाटला. एखाद्या माणसाला आपली जागा सापडली की तो कसा दिसतो, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आकृत्यांबाबत बाईंचा एक नियम होता. आधी साध्या पेन्सिलीनं आकृती, मग पट्टीनं रेघा मारून नावं, आणि शेवटी भिंगाखाली जो रंग दिसला तोच रंग भरायचा. शंक्याकडे रंगीत पेन्सिलींची एक पत्र्याची पेटी होती. त्यातल्या पेन्सिली तो ठरावीक क्रमानं ठेवायचा आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. मीही नाही. मला वाटायचं, नसते चोचले.

एके दिवशी ती पेटी टेबलावरून पडली. पेन्सिली चारी दिशांना घरंगळल्या, पोरांनी त्या गोळा करून कशाही कोंबून दिल्या. त्या दिवशी पानाचा आडवा छेद होता. शंक्याची आकृती नेहमीसारखीच देखणी झाली. वरच्या उभ्या पेशी, खालच्या मोकळ्याढाकळ्या, तळाची रंध्रं, सगळं जागच्या जागी. आणि अख्खं पान त्यानं तपकिरी रंगवलं होतं.

वर्ग खदखदून हसला. बाईंनी आकृती दोन्ही हातांत धरून पाहिली. चुकीच्या आकृतीला त्या एरवी फुली मारून पुढे जायच्या. ही मात्र चुकीची वाटायला फारच अचूक होती, आणि तिथेच घोळ झाला. ज्या मुलाला रंध्राच्या कडेच्या पेशींचा बाक दिसतो, त्याला हिरवा रंग दिसत नाही, यावर कोण विश्वास ठेवणार? त्यांना वाटलं, हा आपली टिंगल करतोय.

पुढच्या आठवड्यात खोडाचा छेद होता. तयार काचपट्टी, दोन रंगांत रंगवलेली: पाणी वाहून नेणाऱ्या जलवाहिन्या लाल, बाकीचं हिरवं. शंक्यानं अंदाजानं पेन्सिली उचलल्या आणि नेमकं उलटं रंगवलं. या वेळी कुणी हसलं नाही, कारण बाईंचा चेहरा बघून कुणाची हिंमत झाली नाही.

"तुला हा विषय थट्टेचा वाटत असेल तर दुसरा घे," बाई म्हणाल्या. "आठवडाभरात बदलता येईल. घरी सांग, मला येऊन भेटायला."

"बाई, मला दिसलं तसंच रंगवलंय," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की शेजारी बसून मलाच जेमतेम ऐकू आलं. घरी जाताना तो सगळा रस्ता गप्प होता. ज्या मुलाच्या तोंडाला कुलूप कसं घालावं ही आमच्या घरची कायमची अडचण, तो गप्प बसला की फार वाईट दिसतं.

त्यानं घरी काही सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही. अशात आनुवंशिकतेचा धडा आला. बाईंनी सगळ्यांना कानाच्या पाळ्या तपासायला लावल्या, जिभेची गुंडाळी करायला लावली. माझी झाली, त्याची झाली नाही, आणि मी पुरेपूर मिरवून घेतलं. मग बाईंनी ठिपक्यांच्या वर्तुळाचा एक तक्ता वर धरला. रंगीबेरंगी ठिपक्यांत एक आकडा लपलेला असतो, तो वाचायचा.

"चौऱ्याहत्तर," वर्ग एका सुरात म्हणाला.

"एकवीस," शंक्या म्हणाला.

पोरं हसली. कुणाला विरोध करायचा तर पूर्ण करायचा, हा त्याचा स्वभाव; तो उभा राहिला आणि बोटानं हवेत आकडा काढून म्हणाला, "स्पष्ट एकवीस आहे. तुम्ही सगळे एकमेकांचं ऐकून बोलताय." बाईंच्या कपाळावर आठी चढायला लागली होती. ती अर्ध्यावर थांबली. त्यांनी दुसरा तक्ता वर धरला. वर्गानं आकडा सांगितला. शंक्या म्हणाला, यात काहीच नाही, नुसते ठिपके आहेत.

बाईंनी त्याला पुढे बोलावलं. टेबलावर लाल आणि हिरवा असे दोन खडू ठेवले आणि हळूच विचारलं, "यातला लाल कुठला?"

त्यानं खडूंकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो आयुष्यभर हेच करत आला होता. टोमॅटो पिकलाय का, हा शर्ट कुठल्या रंगाचा, कुठली पेन्सिल कुठे, सगळं माझ्या तोंडून ऐकून पाठ केलेलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

बाई स्टुलावर बसल्या. सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "तू थट्टा करत नव्हतास. चूक माझी झाली." मग तास संपल्यावर आम्हा दोघांना थांबवून त्यांनी खरं तेही सांगितलं. पुढे काचपट्ट्या सगळ्या अशाच रंगवलेल्या असतात, परीक्षेत त्या ओळखाव्या लागतात, आणि त्याला हे जड जाणार.

शंक्यानं विचारलं, "मी आता ओळखून दाखवू?"

बाईंनी पेटीतून काचपट्ट्या काढल्या, नावाच्या चिठ्ठ्या बोटानं झाकल्या आणि एकामागून एक लावत गेल्या. तो बघत होता आणि सांगत होता. "हे खोड. जलवाहिन्यांच्या भिंती जाड आहेत आणि आत पोकळ. त्यांच्या बाहेरच्या रसवाहिन्या, त्या पातळ, जराशा चेपलेल्या. हे मूळ, इथे जलवाहिन्या मधोमध आल्यात." एकदा अडला, आरसा फिरवून पुन्हा बघितलं आणि बरोबर सांगितलं. जे आम्ही रंग बघून चुटकीसरशी ओळखायचो, ते तो भिंतींची जाडी बघून ओळखत होता, आणि इतके दिवस ओळखत आला होता. मला त्याचा एवढा अभिमान वाटला की मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"माझी हरकत नाही," बाई म्हणाल्या. "पण तुझ्या घरच्यांना हे कळलं पाहिजे. त्यांनी येऊन हो म्हणावं. आठवडा संपायच्या आत."

आमचे वडील मालट्रक चालवायचे आणि बहुतेक वेळ बाहेर असायचे. त्यामुळे घरातले निर्णय आईचे. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. संध्याकाळी दमून आली, चहा घेतला आणि शंक्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि सरळ म्हणाली, "मग दुसरा विषय घे."

"आई, मला येतंय ते."

"आज येतंय. उद्या नोकरीत कुणी ऐकून घेणार नाही. रंग चुकला की माणूस नालायक ठरतो. माझ्या वडिलांचं काय झालं ते मी पाहिलंय."

तिचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, आमच्याकडेच राहायचे. मागच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन होतं. आम्हाला ठाऊक होतं ते एवढंच की ते दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे असं सगळं पांढरं शिवतात. त्या संध्याकाळी आईनं बाकीचं सांगितलं. एके काळी त्यांचं बाजारात दुकान होतं, हात सफाईदार होता, बेतल्यावर कापड चिंधीभर वाया जायचं नाही. पण हिरव्या कपड्याला तपकिरी दोरा, लाल अस्तराला भलतीच पट्टी, असं सारखं व्हायचं. गिऱ्हाइकं चारचौघांत फैलावर घ्यायची. आजी म्हणायची, यांचं कामात चित्तच नसतं. शेवटी दुकान गेलं आणि पांढरं तेवढं हाती राहिलं.

"लहानपणी मलाही त्यांचा राग यायचा," आई म्हणाली. "साधा दोरा बघून घ्यायला काय होतं, असं वाटायचं. हलगर्जीपणा, दुसरं काय."

शंक्या तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं जुनं वर्तमानपत्र ओढलं आणि त्याच्या कोऱ्या कडेला बाईंनी शिकवल्याप्रमाणे चौकोन आणि गोल काढायला सुरुवात केली. चौकोन पुरुषाचा, गोल स्त्रीचा. आजोबांचा चौकोन त्यानं गडद केला, तिथून आईच्या गोलापर्यंत रेघ आणली, आणि तिथून खाली स्वतःचा चौकोन.

"हे असं येतं," तो म्हणाला. "आजोबांकडून तुझ्याकडे. तुला त्रास नाही, कारण तुझ्याकडे त्या जनुकाची दुसरी, चांगली प्रत आहे. मुलाकडे एकच असते. माझ्या वाट्याला ही आली."

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे नाही. तुझ्यातून. तुला तरी कुणी विचारलं होतं का?"

मागच्या खोलीतलं मशीन थांबलं होतं. किती वेळापासून, ते आमच्या लक्षात आलं नाही. आजोबा दारात उभे होते, खांद्यावर मोजपट्टी तशीच.

"परत सांग," ते म्हणाले.

शंक्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. डोळ्यात आत पेशी असतात, रंग त्यांच्यामुळे कळतो, आपल्या दोघांच्या डोळ्यात त्यातल्या काही नीट काम करत नाहीत. आजोबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ते आत गेले, जुन्या डब्यातून दोऱ्याची दोन रिळं घेऊन आले आणि ती त्याच्या समोर धरली. एक हिरवं होतं, एक तपकिरी.

"तुला ही कशी दिसतात?"

"सारखीच."

आजोबा त्याच्या शेजारी खाली बसले. "मलाही," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी भेटलं होतं ज्याला त्यांच्यासारखं दिसत होतं, आणि तो त्यांचा नातू होता.

मग त्यांनी विचारलं, "म्हणजे हे लक्ष नसल्यानं होत नाही?"

"नाही, आजोबा. कितीही लक्ष दिलं तरी कळत नाही ते."

आजोबांनी मान हलवली. रिळं हातात फिरवत राहिले. मग आईकडे बघून, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मी फार लक्ष द्यायचो गं."

आई उठली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली. डोळे पुसून तिनं शंक्याला विचारलं, "तुझ्या बाई सकाळी किती वाजता भेटतील?"