अक्काची बरणी आणि आठ दिवसांनी येणारा नळ

माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे अक्कानं, उभ्या आयुष्यात माझ्याकडं एकच गोष्ट मागितली, आणि ती मी कढीपत्त्याच्या बुडात ओतून टाकली.

अक्का नांदेडला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून ती रिटायर झाली, तेव्हा वर्गातल्या खिडकीतली एक काचेची बरणी तेवढी घरी घेऊन आली. बरणीत खारं पाणी आणि पाण्यात ब्राइन श्रिंप. कोळंबीच्या फार लांबच्या नात्यातले, जिऱ्याएवढे, आरपार दिसणारे जीव. पोट वर करून, उजेडाकडं पाय हलवत ते उलटे पोहतात. आयुष्यभर आरामखुर्चीत पडल्यासारखे. शाळा सुटल्यावर अक्काच्या दिवसाला तास उरले नव्हते. ते या बरणीनं परत लावून दिले. सकाळी पहिला तास हवेचा, मग उजेडाचा, दर चौथ्या दिवशी जेवणाचा. दोन वर्षं तिनं पिढ्यांमागून पिढ्या जगवल्या.

लेकीच्या बाळंतपणासाठी ती अडीच महिने हैदराबादला निघाली, तेव्हा बरणी कुणाच्या हवाली करायची हा प्रश्न आला. मी लातूरहून तिला भेटायला गेलो होतो.

"बारक्या, तू नेतोस का?" ती म्हणाली. विचारताना तिचा आवाज इतका खाली आला की मी लगेच हो म्हणून टाकलं.

मग मला पाठ देण्यात आला. बरणीला बाहेरून एक टिकली चिकटवलेली होती. पाणी त्या टिकलीच्या खाली गेलं की साधं पाणी घालायचं, मीठ नाही. पाणी उडून जातं, मीठ मागंच बसतं. खायला शेवाळाची पूड, काडीच्या टोकावर बसेल तेवढीच.

"एवढंच?" मी म्हणालो. "अक्का, आपल्याकडं पाहुण्याला एवढ्यावर उठवत न्हाईत."

"तुझा पाहुणचार झाला की पाणी दुधासारखं होतंय आणि पाहुणे मरतेत. आन् काहीही झालं तरी पाणी बदलायचं न्हाई. हिरवट दिसलं तर घाण म्हणू नको. ते पाणी तब्येतीत हाय."

एसटीत मी बरणी मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरनं वाकून पाहिलं.

"काका, काय हाय हो त्यात?"

"जनावरं."

"किती?"

"मोजली न्हाईत. शंभरेक असतील."

पुढच्या दोन सीटवरच्या मंडळींनी माना वळवल्या. कंडक्टरनं बरणी उजेडाकडं धरली, बराच वेळ पाहिलं आणि अदबीनं परत दिली. "पाच वर्षांच्या आतली दिसतेत. तिकीट न्हाई."

चाकूरला गाडी थांबली तेव्हा मी झाकण काढून काडीनं पाणी हळूच ढवळलं, हवा लागावी म्हणून. शेजारच्या आजोबांनी विचारलं, साखर विरघळंना का?

घरी बायकोनं दारातच अडवलं. "कोळंबी? आपल्या घरात? सात पिढ्यांत अंडं शिरलं न्हाई!"

"खायला न्हाई, पाहायला."

तिनं पाहिलं. मग चष्मा आणून पुन्हा पाहिलं. "अगं बाई, वन्संनी ह्यांना उलटं पोहायला शिकवलं का?" तिसऱ्या दिवशी ती त्यांच्याशी बोलायला लागली होती.

आता जे घडलं ते लातूरकरालाच कळेल. आमच्याकडं नळ आठ दिवसांनी येतो. आला की घरातलं सगळं शिळं पाणी झाडांना घालायचं, भांडी घासायची आणि हंड्यापासून वाटीपर्यंत सगळं ताजं भरून घ्यायचं. नळ चालू असताना घरात रिकामं किंवा शिळ्या पाण्याचं भांडं राहणं हे आमच्याकडं पाप. त्या रविवारी गल्लीत आरोळी उठली, "नळ आला!" आणि माझी अक्कल नेहमीप्रमाणं घराबाहेर निघून गेली. घागर ओतली, कळशी ओतली, तांब्या ओतला, खिडकीतली हिरवट पाण्याची बरणी ओतली. ती नळाखाली धरणार, तेवढ्यात बोटाला टिकली लागली.

कढीपत्त्याच्या मातीत पाणी मुरलंसुद्धा होतं. एक चकाकता ठिपका तेवढा ओल्या पाल्यावर उलटा पडून पाय हलवत होता. मी पाहता पाहता तो थांबला. बायको मागं उभी होती. नळ वाहत होता आणि तो बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही. लातुरात याहून मोठा शोक नाही.

अक्का रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची. आधी नातू दाखवायची, मग म्हणायची, "आता माझे दाखव." मी घाबरलो आणि नाटक उभं केलं. दुसऱ्या बरणीत ताजं पाणी घेतलं, चिमूटभर रवा टाकला आणि कॅमेऱ्यासमोर धरून चमच्यानं हलवला. माझ्या मते प्रयोग चांगला रंगला होता.

"पाणी इतकं नितळ कसं काय?" अक्का म्हणाली.

"तब्येत सुधारलीय त्यांची."

"आन् खाली का बसून राहिलेत सगळे?"

"जेवण झालंय आत्ताच."

"बारक्या, तो रवा हाय." ती शांतपणे म्हणाली. "जाड रवा."

मी सगळं सांगितलं. पडद्यावर तिचा चेहरा बाजूला गेला, नुसती भिंत दिसत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिकडूनच आवाज आला, "खरी बरणी धुतलीस का?"

"न्हाई. हात लावायची हिंमत झाली न्हाई."

चेहरा परत आला. "बुडाशी तपकिरी गाळ हाय?"

"हाय."

"मग धुवू नको. सावलीत वाळू दे. त्यात त्यांची अंडी असतील. ती वाळून पडून राहतेत. पाणी आलं की उठतेत."

आठ दिवस बरणी फडताळात कोरडी पडून होती. मग अक्काच्या सांगण्यावरून मी नळाचं पाणी रुंद पातेल्यात दिवसभर उघडं ठेवलं, ब्लीचिंग पावडरचा वास जाईपर्यंत. लिटरला दोन मोठे चमचे जाडं मीठ घातलं. पाणी बरणीत ओतलं आणि खिडकीत उन्हाच्या उबेला ठेवलं. पहिला दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको ओरडली, ती आरोळी नळाच्या आरोळीपेक्षा मोठी होती. पाण्यात धुळीचे कण उड्या मारत होते. धूळ अशी उड्या मारत नाही.

मी लातूरचा माणूस. पाण्याची वाट बघणं मला शिकवावं लागत नाही. पण चिमूटभर गाळ फडताळात तक्रार न करता पडून राहतो आणि पाणी आल्याबरोबर कामाला लागतो, हे पाहून मी हात जोडले. खरंच जोडले, बायको साक्षीला आहे.

हैदराबादहून परतताना अक्का आमच्याकडं उतरली तोवर ते जिऱ्याएवढे झाले होते, पाणी हिरवट झालं होतं. तिनं पर्समधून भिंग काढलं आणि पाहत बसली. मी नेहमीप्रमाणं एक पेला पाणी बरणीतून घेऊन वरून बारीक धारेनं परत सोडलं, हवेसाठी. ती भिंग खाली ठेवून माझ्या हाताकडं पाहायला लागली.

"वन्सं, कढीपत्ता पण गेला बरं का," बायको म्हणाली. "मिठानं जळाला."

"जाऊ दे. दुसरा लाव." मग अक्कानं चमच्यानं बुडाचा थोडा गाळ उचलला, कागदावर पसरून पंख्याखाली वाळवला आणि पुडी बांधून पर्समध्ये टाकली. "मला एवढं पुरे. बरणी तुझ्याकडं राहू दे. हे आता लातूरचे झाले."

स्टँडवर मी कंडक्टरला म्हणालो, "बाईंबरोबर पाच वर्षांच्या आतले शंभरेक जण आहेत." त्यानं सीटखाली वाकून पाहिलं. अक्कानं पर्स छातीशी धरली आणि एक नांदेड मागितलं.

गाडी हलताना तिनं खिडकीतून हाक मारली. "बारक्या, नळ कधी येणार आता?"

"गुरुवारी."

"मग गुरुवारी तू घरात थांबू नको."