बाबांनी आईच्या पत्रांचा कागद केला

बाबा गेले, आणि मला रडू आलं नाही. झोप आली.

आज सकाळी सात वाजता. मी चहा गाळत होते.

दुपारी घाटावरून परत आलो. सगळ्यांना वेगवेगळे फोन करायचं त्राण नाही, म्हणून इथेच लिहितेय.

तुम्ही बहुतेक जण त्यांना ‘कार्डवाले अंकल’ म्हणून ओळखता. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत दिवाळीला घरोघरी त्यांची कार्डं जायची.

सगळी नोकरी केंद्र सरकारच्या एका ऑफिसात, डिस्पॅच सेक्शनला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारले. रिटायर झाल्यावर म्हणाले, “आता कागदही माझा, शिक्काही माझा.”

रद्दी, लग्नपत्रिका, अंड्यांचे ट्रे, विजेची बिलं. सगळं बादलीत भिजायचं. मग मिक्सरमधून काढून लगदा, तो खिडकीच्या जुन्या जाळीवर पसरायचा, पाणी दाबून काढायचं आणि बाल्कनीत वाळवायचा. मेमध्ये तासाभरात कागद कडक. थंडीत, धुक्यात, चार-चार दिवस ओलाच आणि घरभर कुबट वास.

शिक्के खोडरबराचे. ब्लेडने कोरलेले. चिमणी, पिंपळाचं पान, शेवंती. शाईचं पॅड मात्र ऑफिससारखंच जांभळं.

मी वैतागायचे, खरं सांगते. मेट्रोतून उभ्याने घरी यायचं आणि बाथरूममध्ये पाय ठेवायला जागा नाही.

“बाबा प्लीज, एक बादली तरी रिकामी ठेवा ना यार!”

बापाला यार म्हणायचे मी. दिल्लीत वाढलेली मुलगी, त्यांना चालायचं.

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. ऑफिसातून आले तर बादलीतलं पाणी निळसर.

“हे काय?”

“तुझ्या आईची पत्रं.”

लग्नानंतर चार वर्षं बाबा दिल्लीत आणि आई साताऱ्याला सासरी होती, सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत. आठवड्याला एक निळं इनलँड लेटर. बाबांनी ती सगळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपली होती. आई गेल्यावर मी कितीदा तरी मागितली. “बघू,” एवढंच म्हणायचे.

मी बादलीत हात घातला. नुसता लगदा.

एका तुकड्यावर ‘बाकी’ एवढंच वाचता आलं.

मी ओरडले. इतकी, की समोरच्या आंटींनी बेल वाजवली. “सब ठीक है ना, बेटा?”

काहीच ठीक नव्हतं.

“एक तरी ठेवायचंत! माझी आई होती ती!”

“पत्रं मला लिहिली होती,” बाबा म्हणाले. आवाज अजिबात चढला नाही. “सासरी तिला जे सोसावं लागलं, ते सगळं त्यात होतं. वाचून फाडून टाका, असं दर वेळी लिहायची. मला फाडवेना. आता माझ्यामागे ती तू वाचणार. त्यातली काही माणसं अजून आहेत. तू त्यांच्यावर जीव टाकतेस.”

“कोण?”

“म्हणून तर भिजवली.”

अकरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायचे, गोळ्या काढून ठेवायचे, ऑफिसला जायचे.

मग एका संध्याकाळी आले तर बाबा टेबलाशी. समोर फिकट निळ्या कागदाची कार्डं. आई दर संक्रांतीला सगळ्या नातेवाइकांना आठवणीने तिळगूळ पाठवायची, तर त्या वर्षी ही कार्डं जाणार होती. पण शिक्का एका जागी राहीना. शेवंती दोनदा फिसकटली.

“जरा हात धर,” म्हणाले.

खांद्यावर पर्स तशीच. मनगट धरलं. केवढंसं झालं होतं ते.

“सरळ दाब. हलवू नकोस. आता उचल. अच्छा.” ऑफिसात नवीन आलेल्या क्लार्कला सांगावं तसं.

तेवीस कार्डं झाली. पत्ते मी आईच्या वहीतून उतरवले. बाबांनी एकही नाव गाळू दिलं नाही.

माफी मी मागितली नाही, त्यांनीही नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एकत्र चहा प्यायला लागलो, एवढंच.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते पडले आणि पुढचं दीड वर्ष पलंगावर. डायपर, फिजिओ, कूस बदलणं. माझी सगळी लीव्ह संपली. कधीकधी वाटायचं, सुटावं त्यांनी. आणि मीही. हे लिहायला लाज वाटत नाही, इतकी दमलेय.

आज घाटावरून आल्यावर एक फोन आला. साताऱ्याकडच्या नात्यातला. नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखू येईल त्यांनी कृपा करून मनात ठेवा.

आधी रडणं झालं. मग हळूच, “तुझ्या आईची पत्रं होती गं. तुझ्याकडे आहेत का?”

“नाहीत.”

“तू वाचलीस?”

“नाही. बाबांनी त्यांचा कागद केला. संक्रांतीला निळं कार्ड आलं होतं ना तुम्हाला? तो तोच कागद.”

पलीकडचा आवाज एकदम खाली आला.

“म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. तरी मला कार्ड पाठवलं?”

“आईच्या वहीत तुमचं नाव होतं.”

मग पुन्हा रडणं. पण आधीचं वेगळं आणि हे वेगळं.

मला नाव कळलं. काय घडलं होतं ते कळलं नाही, आणि आता ते नकोच. मला वाटायचं, कळेल त्या दिवशी फार राग येईल. पण रागावायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

“तेराव्याला या,” मी म्हटलं. “थंडी आहे, स्वेटर आणा. स्टेशनवर घ्यायला येईन.”

बाबा, तुमचं बरोबर होतं. हे तुमच्या तोंडावर म्हणायचं राहून गेलं.

निघा आता. तुमच्या लेकीचा शेवटचा नमस्कार.