चुकीच्या क्रमाची आरती

प्रेमला पहिल्यांदा बडोद्याला आली ती सत्याऐंशी सालच्या गणपतीत, इंदूरहून, दांडिया बाजारातल्या मावशीकडे. रिक्षातून तिने एक पाय खाली ठेवला आणि दुसऱ्या मजल्यावरून असा आवाज सुटला की रिक्षावाल्याने हात जोडले, कोपऱ्यावरच्या दूधवाल्याच्या कॅनमधलं दूध फाटलं आणि सूरसागर तळ्यातले मासे एकजात तळाशी जाऊन बसले. प्रेमलाला वाटलं, कुणाचं तरी काहीतरी बरंवाईट झालं. मावशी म्हणाली, "काही नाही गं, चित्र्यांचा मुकुंद आरती म्हणतोय."

वर जाऊन पाहते तर एवढा आवाज ज्या देहातून निघत होता, तो देह छत्रीच्या काडीएवढा. प्रेमलाही टाळ्या वाजवू लागली. दोन कडवी झाली आणि आरती एकदम थांबली. चाळीस माणसं तिच्याकडे बघत होती, आणि बहुधा खुद्द गणपतीसुद्धा. मुकुंदने विचारलं, "ह्या कोण? टाळी अर्धी मात्रा उशिरा पडतेय यांची."

या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नाही, अशी प्रेमलाने तिथल्या तिथे शपथ घेतली. मार्गशीर्षात त्यांचं लग्न झालं.

चित्र्यांचे पणजोबा संस्थानच्या महसूल खात्यात होते. त्या दप्तराची शिस्त चौथ्या पिढीत मुकुंदरावांच्या अंगात पुरेपूर उतरली होती. गोरव्याच्या एका कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं यंत्रांचे नकाशे काढले. आधी गणपती, मग शंकर, मग देवी, मग विठ्ठल, मग दत्त, हा आरत्यांचा क्रम त्यांच्या लेखी एखाद्या नकाशाइतका पक्का होता. पुढे ते राहायला गेले त्या मांजलपूरच्या सोसायटीत एकदा कुणी गणपतीनंतर थेट देवीवर उडी मारली, तर मुकुंदरावांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. प्रसादाचा शिरा गार होऊन त्याच्या वड्या पडल्या. मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव म्हणाले, "काका, देव एवढं बघत नाही हो." मुकुंदराव म्हणाले, "तो बघत नाही म्हणूनच मला बघावं लागतं."

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी या माणसाचा आवाज गेला. घसा ठीक होता. फक्त ते बोलेनासे झाले. आधी पेपर सुटला, मग दाढी, मग अंघोळ दोन-दोन दिवसांवर गेली. सकाळी उठून पलंगाच्या कडेला बसायचे ते जेवायला हाक मारेपर्यंत तसेच. शेजारच्या जसुबेन दारातून विचारायच्या, "मुकुंदभाई, मजामां?" "मजामां," एवढं ते सवयीने म्हणत. दिवसभरातलं बोलणं तेवढंच.

त्या वर्षी गणपतीत हंबीरराव बोलवायला आले. "काका, सगळे खोळंबलेत."

मुकुंदराव भिंतीकडे बघत म्हणाले, "म्हणा तुम्ही. कशीही म्हणा."

कशीही! ते ऐकून प्रेमला स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली.

मग उपायांचा पाऊस पडला. हंबीरराव म्हणाले, "वहिनी, अकरा गुरुवार करा." जसुबेननी सोळा सोमवार सांगितले. कुणी शनिवार सांगितला, कुणी मंगळवार. प्रेमलाने कुणालाच नाही म्हटलं नाही, त्यामुळे आठवड्यात तिला जेवायला तीनच वार उरले. पुण्याहून मुलगी ईशानी फोनवर ओरडायची, "आई, उपाशी तू राहतेस आणि बरं बाबांनी व्हायचं? डॉक्टरकडे ने त्यांना!" प्रेमला म्हणायची, "नेईन गं. एवढे गुरुवार संपू देत." खरं तर तिने दोनदा विषय काढला होता. दोन्ही वेळा ते तोंड फिरवून झोपले होते.

आठव्या गुरुवारी तिला युक्ती सुचली. ज्या माणसाने भर आरतीत तिची टाळी पकडली होती, तो चुकीची आरती किती दिवस ऐकून घेईल?

त्या संध्याकाळी दिवा लावून तिने सुरुवातच दत्तापासून केली. पलंगावर हालचाल नाही. दुसऱ्या दिवशी देवी आधी आणि गणपती शेवटी. तिसऱ्या दिवशी विठ्ठलाची दोन कडवी सरळ गिळली. मग टाळ्या अशा वाजवायला लागली की जसुबेन विचारायला आल्या, "प्रेमलाबेन, घरमां उंदर छे?" प्रेमला रोज देवाची माफी मागायची. 'बाप्पा, तुझा अपमान होतोय ते कळतंय मला. तू थोडं सोस. मला फक्त त्यांना चिडलेलं बघायचंय. एकदा ओरडू देत माझ्यावर. ताट फेकलं तरी चालेल.' आयुष्यात इतकी कळवळून तिने कधी प्रार्थना केली नव्हती, आणि इतकी बेसूर आरतीही कधी म्हटली नव्हती.

एकविसाव्या दिवशी ती शंकराच्या आरतीत देवीचं कडवं घुसवत होती, तेव्हा मागून आवाज आला, "प्रेमला."

तिने वळून पाहिलं. मुकुंदराव दारात उभे होते. आता ओरडणार! ती आणखी जोरात, आणखी चुकीचं म्हणू लागली.

"पुरे गं," ते हळूच म्हणाले. "तू मुद्दाम करतेस ते पहिल्या दिवसापासून कळतंय मला."

"मग ओरडत का नाही? ओरडा ना माझ्यावर!"

"राग येत नाही." ते खाली जमिनीवर बसले. "मी रोज वाट बघतो. आज ही आणखी चुकली, आज तरी राग येईल. नाही येत गं. तू इतकं चुकतेस, आणि मला काहीच होत नाही."

समोर निरांजन जळत होतं. आरती अर्धीच राहिली होती. प्रेमला त्यांच्याजवळ जाऊन बसली. ते म्हणाले, "ईशानी म्हणते त्या डॉक्टरकडे जाऊ या."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाऊण तास ऐकून घेतलं आणि गोळ्या लिहून दिल्या. मग विचारलं, "दिवसभरात दोघं मिळून काय करता?"

"आरती," प्रेमला म्हणाली. "म्हणजे मी म्हणते. हे असतात."

"ती चालू राहू दे. पण गोळी चुकवायची नाही."

आता आरती पुन्हा योग्य क्रमाने होऊ लागली. मुकुंदराव पाटाशेजारी खुर्ची घेऊन बसत, हातात झांजा धरून. वाजवत नसत. झांजांचा आवाज होऊ नये म्हणून बोटांनी दाबून धरत. प्रेमलाने देवाकडे मागणं बंद केलं. मागून मागून तिच्याकडचे शब्द संपले होते. सगळे वार सोडून ती दोन वेळा जेवायला लागली. आरती झाली की ती नुसती हात जोडून बसायची. शेजारी ते बसायचे. देव आपला आपल्या जागी.

संक्रांतीनंतर एकदा ते म्हणाले, "आज बरं वाटलं मला. पाचेक मिनिटं."

"कधी हो?"

"विठ्ठलाची चालू होती तेव्हा. आता लगेच ईशानीला फोन करू नकोस."

तिने फोन केला. जसुबेनना सांगितलं. हंबीररावांना जिन्यात गाठून सांगितलं. दुसऱ्या दिवशी विठ्ठलाची आरती तिने तीनदा म्हटली. मुकुंदराव तिन्ही वेळा झांजा दाबून धरून बसले.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. जूनमध्ये ती पुन्हा पूर्ण करावी लागली.