ओढ्याकाठचं अळू आणि निळीची पुडी

आमचा भांडुपचा ओढा साफ करायला नेमकं काय लागलं, सांगतो. सहा रविवार, चार घमेली आणि माझ्या डाव्या अंगठ्याचं नख... ऐंशीच्या दशकातली गोष्ट.

परवा कुणीतरी त्याला 'तो घाणेरडा नाला' म्हणालं आणि डोकं फिरलं. अहो, डोंगरावरून येणारं पाणी होतं ते. सगळ्या वाडीने मिळून त्यातला गाळ उपसला होता.

साफ झालेल्या काठावर कांबळे मावशींनी अळू लावलं. नवऱ्याची गिरणी बंद, अळवाच्या जुड्या विकूनच घर चालायचं... आणि एका रविवारी बघतो तर पाण्यावर तेलाचा तवंग, अळू मुळापासून काळं. मावशी सडकी पानं खुडत होत्या. मला बघवेना.

माझा तेव्हा ओढ्याजवळच लेथ मशीनचा गाळा होता, शून्यातून उभा केलेला. रस्त्यावरून मशीनचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचो, एवढे माझे कान तिखट. शेजारीच एक गॅरेज. तडक जाऊन गॅरेजवाल्याची कॉलर धरली.

"माझ्या गाळ्यातून थेंब जात नाही ओढ्यात. तुला लाज नाही वाटत?"

"कॉलर सोड आधी. माझं तेल ड्रममध्ये जातं, बघ जा."

"ड्रम काय रे, दाखवायला ठेवतात."

तेवढ्यात मावशी आल्या, हातात कपड्यांच्या निळीची पुडी. "भांडताय कशाला? ही बादलीत कालवून एकेकाच्या मोरीत ओता. कुठं निघतीया ते दिसंल की."

गॅरेजच्या मोरीत ओतली. अर्धा तास सगळे काठावर बसलो... पाणी होतं तसंच. त्याची मोरी मागच्या शोषखड्ड्यात जात होती.

"आता तुमच्यात," मावशी म्हणाल्या.

मी हसतच बादली उचलली. आमची मोरी गटाराला जोडलीय, असं गाळा विकणाऱ्यानेच सांगितलं होतं. मशीनचे पार्ट रॉकेलने धुऊन ते पाणी आम्ही बिनधास्त तिथेच ओतायचो.

दोन मिनिटांत अळवाच्या मुळाशी पाणी निळंशार झालं.

गॅरेजवाला फक्त कॉलर सरळ करत राहिला. मावशींनी पदर खोचला. "फावडं आणा शेठ. तुमचा बी खड्डा खणू."

गाळा विकणाऱ्यावरचा राग अजून आहे... स्वतःवरचा त्याहून जास्त. पाच वर्षं रोज गाळ्यासमोरच्या गल्लीतून ये-जा करत होतो.

आमच्या गल्लीत तेव्हा गटारच नव्हतं.